कल्पनेतला प्राणी चुकू शकतो का?

संशोधनाची तयारी करताय ना? मग डूगल डिक्सन यांचं १९८१ सालचं ‘आफ्टर मॅन’ जरूर चाळा. माणूस नामशेष झाल्यावर ५ कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, याची ही सचित्र कल्पना आहे. हरणांच्या जागी सशांचे लांब पायांचे वंशज चरताना दिसतात. उंदरांचे वंशज शिकारी झालेत.

पुस्तक वाचायला मजा येते, आणि शिकण्यासारखंही आहे. प्राणी हवेतून येत नाही. त्याला पूर्वज आहे, अधिवास आहे. पण सिनॉप्सिससाठी हा नमुना अपुरा पडतो. सशाचा वंशज हरणासारखा होईल, हे पटतं खरं. पण ते चूक असेल तर आपल्याला कळणार कसं? कादंबरीत हा दोष नाही. संशोधनात मात्र इथेच गाडी अडते.

आता तितकेच मागे जाऊ. जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांत ‘इंडोहायस’चे जीवाश्म मिळाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा प्राणी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी ते दगड जमवले होते. २००७ मध्ये थेविसन, बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं, की हा देवमाशांचा जवळचा नातलग आणि पाण्यात वावरणारा प्राणी होता.

हे म्हणणं डिक्सनइतकंच धाडसी आहे. फरक एवढाच, की ते पडू शकलं असतं. पायांची हाडं पातळ निघाली असती, किंवा दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण जमिनीवरच्या प्राण्यांसारखं आलं असतं, तर दावा लंगडा झाला असता. हाडं पाणघोड्यासारखी जाड निघाली, दातांनीही पाण्याच्या बाजूने साक्ष दिली. तो खात काय होता, हे मात्र लेखकांनी ठामपणे सांगितलं नाही. जमिनीवर चरणं किंवा पाण्यातच अन्न शोधणं, दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या. मला पेपरची ही बाजू सगळ्यात जास्त आवडते.

हेच आपल्या भीमेवर करून बघा. नदीत राहणारा आणि काठावर गवत चरणारा एक छोटा प्राणी कल्पा. पहिला प्रश्न: उन्हाळ्यात पंढरपूरजवळ वाळू उघडी पडते, तेव्हा तो जातो कुठे? जाड हाडं पाण्यात उपयोगी, पण लांब चालायला ओझंच.

दुसरा प्रश्न दातांचा. आपल्याकडची बहुतेक गवतं सी-४ प्रकारची, झाडाझुडपांची पानं बहुतेक सी-३. सी-४ वनस्पतींत जड कार्बनचं प्रमाण जास्त असतं आणि ते दातांच्या एनॅमलमध्ये उतरतं. जड कार्बन कमी आढळला, तर ‘गवत चरणारा’ हे तुमचं म्हणणं कोसळलं. जास्त आढळला, तरी विषय संपत नाही. ज्वारीही सी-४च. तो काठचं गवत खात होता की मंगळवेढ्याच्या रानात घुसत होता, हे या चाचणीतून सुटणार नाही.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये प्रत्येक हायपोथिसिसखाली एक ओळ लिहा: ‘अमुक दिसलं तर माझं म्हणणं चूक.’ ती ओळ सुचत नसेल, तर गाईडकडे जायच्या आधी हायपोथिसिस पुन्हा लिहायला घ्या.