साधन आणि सिद्धान्त

मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, अड्यार भागात शिक्षक-प्रशिक्षणासाठी आल्या. पुढे अहमदाबादेतील त्यांच्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला ‘द अ‍ॅब्सॉर्बंट माइंड’ हा ग्रंथ १९४९ साली अड्यारहूनच प्रसिद्ध झाला. त्यातील भाषाविवेचन विशेष मर्मग्राही आहे. मूल मातृभाषा शिकवणीवाचून, केवळ भोवतालातून आत्मसात करते, हे त्याचे सार. परंतु हे एकदा मान्य केले की ठरावीक, घडीव साधनांविषयीचा या पद्धतीचा आग्रह दुय्यम ठरतो. ही विसंगती ग्रंथात सुटत नाही. तिचा उलगडा कृतीत झाला. १९४५ पासून बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि शिंपले, बिया, पाने यांनाच साधनांचे स्थान दिले. ग्रंथातील सिद्धान्ताशी अधिक निष्ठा कोणाची, याचे उत्तर त्या अंगणात मिळते.