'आयदान'मधील एक पंगत

मुलींच्या शाळेंतील भांडणें वडील माणसें सहसा हंसण्यावारी नेतात. मुलग्यानें कोणाचें डोकें फोडलें तर गोष्ट मास्तरांपर्यंत जाते. पण मुलींनीं एकीशीं कट्टी केली, तिला खेळांत घेतलें नाहीं, तिच्या पाठीमागें कुजबूज केली, तर 'उद्यां पुन्हां एक होतील' असें म्हणून आपण मोकळे होतों. श्रीमती उर्मिला पवार यांचें 'आयदान' (२००३) हें आत्मकथन वाचल्यावर हें समाधान टिकत नाहीं.

लेखिकेच्या शाळेंतला, रत्नागिरीकडील, एक लहानसा प्रसंग त्यांत आहे. वर्गांतील मुली मिळून स्वयंपाक करतात. हिला जेवावयास घेतात, परंतु कशासही हात लावूं देत नाहींत. तरीही ती आवडीनें जेवते. आणि दुसऱ्या दिवशीं ती किती जेवली हीच चर्चा मुलींच्या घोळक्यांत चाललेली असते. येथें मारहाण नाहीं, शिवीगाळ नाहीं. तक्रार करावी तर कशाची? या शस्त्राची धार नेमकी येथेंच आहे. आम्हांस या प्रसंगाचें वाङ्मयीन मोल वाटतें तें लेखिकेच्या प्रामाणिकपणामुळें. जेवण आवडलें, हें ती लपवीत नाहीं. तो आनंद गाळला असता, तर हा प्रसंग अन्यायाचें एक उदाहरण होऊन राहिला असता. तो राखल्यामुळें, ज्या घांसाचा आनंद झाला त्याचीच लाज कशी वाटूं लागते, हें वाचकास कळतें.

'मुलींचा स्वभावच असा' हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. फिनलंडांत लॅगरस्पेट्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून अशा आडमार्गी छळाकडे लक्ष वेधलें व तो मुलींत अधिक आढळल्याचें सांगितलें. परंतु मुलगे व मुली यांतील हें अंतर अगदीं थोडें असल्याचें पुढील अभ्यासांत दिसून आलें. मग मुलींस हें शस्त्र मिळालें कोठून?

तें शोधण्यासाठीं याच कोंकणांत थोडें उत्तरेस, महाडास यावें. तेथील नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें. तरी अस्पृश्यांस तेथें पाणी घेतां येईना, तें डॉ. आंबेडकरांसह त्यांनीं २० मार्च १९२७ रोजीं घेतलें. लागलीच त्यांजवर हल्ला झाला, तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली, आणि नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें. वाळीत टाकण्याची चाल त्यानंतरही सुटली नाहीं. रायगड जिल्ह्यांतील अशीं प्रकरणें गाजलीं, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यास २०१६ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. जें गांवकी मोठ्यांशीं करते, तेंच वर्गांतला घोळका एका मुलीशीं करतो: बोलणें बंद, पंगत बंद, आणि पाठीमागें चर्चा.

येथें कोणी म्हणेल, सर्वच कट्ट्या कांहीं जातीपायीं होत नाहींत. खरें आहे. पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडींतून महाडच्या वर्गांत आलेल्या मुलीची बोली किंवा तिची जुनी चप्पल यांवरूनही तिला बाजूस सारतां येतें. निमित्तें बदलतात, रीत तीच राहते. आणि ही रीत मुली आपल्याच घरीं, आपल्या बोलण्यांतून उचलतात. शेजारणीच्या ताटांत काय होतें याची मिटक्या मारीत चर्चा करणारें घर आपल्या मुलीस तोच धडा देत असतें.

म्हणूनच हें पुस्तक घरांत मुलींबरोबर बसून वाचलें जावें, असें आम्हांस वाटतें. वाचून झाल्यावर 'तुला कोणी त्रास देतें का?' एवढेंच विचारून थांबूं नये. 'आज डबा खातांना तुमच्या वर्गांत एकटी कोण बसली होती?' हेंही विचारावें.