पुनरुज्जीवित लढाऊ विमानें व त्यांच्या रंगाची साक्ष

जुन्या कागदाची परीक्षा करतांना कागद, शाई, अक्षराचें वळण, शिक्का आणि मजकूर यांचा निरनिराळा विचार करावा लागतो. मजकूर खरा असून कागद मागाहूनचा असूं शकतो. कागद अस्सल असून त्यावर परक्याचा हात फिरलेला असूं शकतो. अस्सल, नक्कल व बनावट हा भेद इतिहासाभ्यासकास नवा नाहीं. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानें दुरुस्त करून, रंगवून लोकांपुढें मांडण्याचा जो उद्योग युरोप-अमेरिकेंत गेलीं पन्नास-साठ वर्षें चालू आहे, त्यांत हा भेद वारंवार पुसला जातो. विमानाचा रंग 'अस्सल' आहे असें सांगितलें जातें. पण कोणत्या अर्थानें अस्सल, हें बहुधा सांगितलें जात नाहीं. या उद्योगाचे गुणदोष याच एका दृष्टीनें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

रंग ही केवळ शोभेची बाब असती, तर एवढ्या चर्चेचें कारण नव्हतें. परंतु युद्धकालीन विमानाचा रंग सरकारी हुकुमांनीं ठरत असे, आणि त्यावरून काळ काढतां येतो. सन १९४० च्या आरंभीं ब्रिटिश लढाऊ विमानाची पाठ गर्द हिरवी व मातकट तपकिरी असे. आणि जमिनीवरील आपल्या लोकांस ओळख पटावी म्हणून पोटाची डावी बाजू काळी व उजवी पांढरी ठेवीत. जून १९४० मध्यें पोटास 'स्काय' नांवाचा फिकट हिरवट रंग देण्याचा हुकूम झाला. ऑगस्ट १९४१ मध्यें पाठीवरील तपकिरीच्या जागीं करडा रंग आला. एवढ्यावरून एखाद्या विमानाचा किंवा छायाचित्राचा काळ बऱ्याच अंशीं ठरवितां येतो. मात्र हुकूम निघणें व त्याचा अंमल होणें यांत अंतर असतें, हें दप्तरें चाळणारांस सांगावयास नको. 'स्काय' रंगाच्या बाबतींतहि ठिकठिकाणीं निरनिराळ्या छटा वापरल्या गेल्या. म्हणून हुकुमांत काय लिहिलें आहे यापेक्षां प्रत्यक्ष पत्र्यावर काय उरलें आहे, हाच श्रेष्ठ पुरावा होय.

आतां उदाहरणें पाहूं. एन ३२०० क्रमांकाचें स्पिटफायर डंकर्कच्या धामधुमींत ता. २६ मे १९४० रोजीं फ्रान्समधील सांगात येथें समुद्रकांठच्या वाळूंत उतरलें. त्याचा वैमानिक स्क्वाड्रन लीडर जेफ्री स्टीव्हन्सन कैद झाला. १९८६ मध्यें त्याचे अवशेष वाळूंतून काढण्यांत आले, २०१४ मध्यें तें पुन्हां उडालें, व २०१५ मध्यें डक्सफर्ड येथें इंपीरियल वॉर म्युझियमच्या स्वाधीन झालें. त्यास दिलेला वेष त्याच्या स्वतःच्या १९४० मधील सेवेचा आहे. क्रमांक त्याचा, अक्षरें त्याच्या स्क्वाड्रनचीं. ही निवड आम्हांस सर्वथा योग्य वाटते. परंतु सेहेचाळीस वर्षें खाऱ्या वाळूंत राहिलेल्या सांगाड्यांतून उडण्याजोगा धातु फारसा हातीं लागत नाहीं. विमान बहुतांशीं नवें घडवावें लागतें. म्हणजे मजकूर खरा, कागद नवा. ही उत्तम नक्कल होय, आणि तिला नक्कल म्हणण्यांत तिचा कमीपणा नाहीं.

याच्या उलट प्रकार पी ७३५० या स्पिटफायरचा. कॅसल ब्रॉमिच येथें १९४० मध्यें तयार झालेलें हें विमान त्याच वर्षीं ब्रिटनच्या लढाईंत लढलें, व ऑक्टोबरांत गोळ्या लागून खालीं आलें. दुरुस्त होऊन त्यानें पुढेंहि सेवा केली. १९४८ मध्यें तें २०५ पौंडांस मोडींत विकलें गेलें. पण त्याची ओळख पटल्यामुळें बचावलें, ब्रिटनच्या लढाईवरील चित्रपटासाठीं पुन्हां उडतें झालें, आणि १९६८ मध्यें रॉयल एअर फोर्सच्या स्मारक-तुकडीकडे आलें. येथें कागद अस्सल आहे. परंतु त्यावर वेळोवेळीं निरनिराळ्या स्क्वाड्रनांचीं अक्षरें चढलीं. त्यांत एरिक लॉक या नामांकित वैमानिकाच्या विमानाचीं 'ईबी-जी' हीं अक्षरेंहि होतीं. शूरांचें स्मरण करण्याचा हेतु स्तुत्यच आहे. पण स्मारक वेगळें व साधन वेगळें. दोहोंची गल्लत झाली कीं पाहणारा लॉकचें विमान पाहिल्याच्या समजुतीनें घरीं जातो.

येथवरचे दोष एखादी स्पष्ट पाटी लावल्यानें दूर होतील. जुना थर नाहींसा झाला तर मात्र कोणत्याहि पाटीचा उपयोग नाहीं. अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेनें आपल्या फॉके-वुल्फ १९० विमानाचें काम १९८० ते १९८३ या काळांत केलें. हें विमान प्रथम लढाऊ म्हणून बांधलेलें व मागाहून जमिनीवरील हल्ल्यासाठीं बदललेलें होतें. रंगाचे थर एकामागून एक काळजीपूर्वक काढतांना त्याच्या पूर्वीच्या खुणा उघड झाल्या, आणि त्याच्या १९४४ मधील सेवेचा वेष त्यास परत देण्यांत आला. थर गेले, पण त्यांची साक्ष आधीं घेतली गेली. याच्याशेजारीं इजिप्तमधील उदाहरण ठेवावें. ईटी ५७४ हें किटीहॉक ता. २८ जून १९४२ रोजीं वाळवंटांत पडलें व २०१२ मध्यें सांपडलें. वाऱ्यानें व वाळूनें झिजलेला तो पत्रा म्हणजे हात न लागलेलें दप्तरच होतें. पुढें तें अलामीन येथील संग्रहालयांत गेलें व त्यावर नवा रंग चढला. सत्तर वर्षें वाळवंटानें जें राखलें, तें राखावयास नेलेल्या ठिकाणींच झांकलें गेलें, हें खेदानें लिहावें लागतें.

हा प्रश्न आपल्यापासूनहि दूरचा नाहीं. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहांत पीआर ५३६ क्रमांकाचें टेंपेस्ट विमान आहे. हेंच विमान पुढें एचए ४५७ या क्रमांकानें भारतीय हवाईदलांत होतें. त्यास वेष दिला तो ब्रिटिश पांचव्या स्क्वाड्रनचा. ज्या जातीचीं विमानें १९४७-४८ च्या काश्मीर युद्धांत भारतानें वापरलीं, त्या जातीच्या या विमानाचें भारतीय आयुष्य त्याच्या अंगावरून वाचतां येत नाहीं. वेष निवडणें म्हणजे अनेक आयुष्यांपैकीं एकास वाचा देऊन बाकीचीं मुकीं करणें होय. तें करणें भाग असलें, तरी जाणून व सांगून करावें.

उडणाऱ्या विमानाचा पत्रा गंजला किंवा तडकला आहे काय हें पाहण्यास रंग काढावाच लागतो, ही अडचण आम्ही जाणतों. वैमानिकाचा जीव पुराव्याहून मोलाचा आहे. परंतु रंग काढण्यापूर्वीं प्रत्येक थराचें छायाचित्र घेणें, नमुना जपून ठेवणें, आणि न उडणाऱ्या विमानावर जुन्या थराचा कांहीं भाग तसाच उघडा राखणें, यास कोणती अडचण आहे? तसेंच प्रत्येक विमानापाशीं तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: मूळ धातु किती, रंग कोणाचा व कोणत्या काळचा, आणि तो कशाच्या आधारें दिला. ती लढाई डोळ्यांनीं पाहिलेले लोक आतां फारच थोडे उरले आहेत. यापुढें साक्ष द्यावयाची ती या पत्र्यांनींच. त्यांचें तोंड सुंदर रंगानें बंद करणें यास जतन म्हणतां येणार नाहीं.