पाण्याआधी आणि पाण्यानंतर

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी वर्गात शिकवतो. प्रस्थापित समीक्षेने या ग्रंथातील विनोदाचे, प्रांजळपणाचे आणि घरगुती भाषेचे पुष्कळ कौतुक केले आहे. बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र तिने टिळक दांपत्याची खाजगी श्रद्धा म्हणून बाजूला ठेवला. माझ्या मते तोच या ग्रंथाचा कणा आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे महत्त्वाची आहेत. सोवळे आणि कुणाच्या हातचे पाणी चालेल याची धास्ती या काळात गळून पडते. जात देवाने नव्हे, माणसाने केली, या निर्णयाला त्या स्वतः विचार करून येतात. पाणी नंतर येते. जुनी बाई त्याआधीच मेलेली असते. पौलाच्या पत्रांत बाप्तिस्म्याचा अर्थ हाच आहे: जुन्या माणसाने ख्रिस्ताबरोबर मरायचे, पुरले जायचे आणि नवा होऊन उठायचे. तेथे दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही.

पण ब्राह्मण बाईला जात सोडता येते, कारण ती तिच्या हातात असते. नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांगांनी हेच पाणी घेतले, त्यांची जात दुसऱ्यांच्या हातात होती. ते नवे होऊन उठले, तरी गावाने त्यांना जुन्याच नावाने हाक मारली. उलट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे सरकारदरबारी बाप्तिस्मा जात पुसतो आणि गावात पुसत नाही. दोन्हीकडून मार एकालाच.

मी बौद्ध घरातला, घराण्यातला पहिला पदवीधर. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा जुने काय सोडायचे ते समूहाने उच्चारून सोडले. ते आमचे बळ. पण लग्न जमवताना आम्ही अजून पोटजात विचारत असू, तर ख्रिस्ती बांधवांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही.

एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, टिळकांचं पुस्तक आहे. माझ्या आजोबांचं कुठं आहे?” तमिळमध्ये बामा यांचे ‘करुक्कु’ १९९२ साली आले, एवढे मी सांगितले. मराठीचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते त्यानेच लिहिले पाहिजे, आणि आपण ते छापले पाहिजे.