चट्ट्यापट्ट्यांची जहाजं आणि काठावरची वस्ती

आपल्या अभ्यासवर्गात मी एका तैलचित्राची छापील प्रत फिरवली. आर्थर लिस्मरचं ‘कॉन्व्हॉय इन बेडफर्ड बेसिन’, साधारण १९१९ सालचं. एक मित्र म्हणाला, ‘गोऱ्यांच्या बोटींशी आपलं काय देणंघेणं? फेकून द्या.’ आर्ट स्कूलमध्ये शिकलेला दुसरा म्हणाला, ‘रंग बघा, राजकारण मधी आणू नका.’ मला दोघांचंही पटलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी चित्र. कॅनडातलं हॅलिफॅक्स बंदर, काळ पहिल्या महायुद्धाचा. अटलांटिक एकट्यानं ओलांडणारं जहाज जर्मन पाणबुडीच्या तावडीत सापडायचं. म्हणून १९१७ पासून जहाजं बेडफर्ड बेसिनमध्ये गोळा व्हायची आणि ताफ्यानं निघायची. लिस्मरनं तो ताफा रंगवलाय. लांब आडवा कॅनव्हास, पाणी, आणि चट्ट्यापट्ट्यांची जहाजं. हे पट्टे म्हणजे चित्रकाराची लहर नव्हे. जहाजं खरोखरच तशी रंगवत. नॉर्मन विल्किन्सन या इंग्रज चित्रकाराची ही कल्पना, नाव डॅझल. यात जहाज लपवायचं नसतं. ते कुठं चाललंय, किती वेगानं चाललंय, याबाबत पाणबुडीवाल्याची नजर चकवायची असते.

लिस्मर हाताचा पक्का. तेव्हा तो हॅलिफॅक्सच्या कलाशाळेचा प्राचार्य होता. ६ डिसेंबर १९१७ ला ‘माँ-ब्लाँ’ हे दारूगोळ्याचं जहाज ‘इमो’शी टक्कर होऊन पेटलं, फुटलं. जवळजवळ दोन हजार माणसं मेली. त्या उद्ध्वस्त शहराची रेखाटनं यानं केली. म्हणजे माणूस आंधळा नव्हता. पुढं कॅनडाच्या युद्धस्मारक निधीनं त्याला बंदराची चित्रं काढायला सांगितली. मागणाऱ्याला जहाजं हवी होती, त्यानं जहाजं दिली.

आता माझा मुद्दा. चित्राच्या नावात ताफा आहे, बेसिन आहे. त्याच बेसिनच्या काठावर १८४८ पासून काळ्या माणसांची एक वस्ती होती, आफ्रिकव्हिल. जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली, चर्च १८४९ चं. टॅक्स भरायचे, पण शहरानं ना नळ दिला ना गटार. दिलं काय? शेजारी तुरुंग, सांसर्गिक रोगांचं हॉस्पिटल, मैल्याचे खड्डे, आणि १९५० नंतर शहराचा उकिरडा. मित्रांनो, गावकुसाबाहेरची ही भाषा आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. १९६४ ते १९७० मध्ये घरं पाडली. लोकांचं सामान शहराच्या कचऱ्याच्या गाड्यांतून हलवलं. १९६७ साली रात्रीतून चर्चवर बुलडोझर घातला. महापौरांनी माफी मागितली ती २०१० साली.

युद्धातही तेच. काळी पोरं भरतीला गेली, तर ‘हे गोऱ्यांचं युद्ध आहे’ म्हणून परत पाठवली. मग १९१६ साली त्यांची वेगळी बांधकाम पलटण काढली. मार्च १९१७ ला ती याच बंदरातून निघाली आणि तिकडं जंगलात लाकडं तोडत बसली. इकडं त्याच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध सरल्यावर मोडली. गरज होती तोवर शिपाई!

तर चित्र फेकायचं का? मुळीच नाही. रंग खरे आहेत, ताफाही खरा आहे. पण चकवा फक्त पाणबुडीवाल्याला बसत नाही. माझा एक मित्र रंगात अडकला, दुसरा रागात. काठाकडं बघितलं कुणीच नाही. चित्रापुढं उभं राहून तीन प्रश्न विचारा : हे कुणी मागितलं? नाव कुणाचं लागलं? काठावर कोण राहत होतं? यानं चित्र लहान होत नाही, आपली नजर तेवढी सरळ होते.

आणि हेच प्रश्न स्वतःलाही विचारा. गेल्या अंकात मोर्च्यावर एक कविता होती. झेंडे होते, घोषणा होत्या, लाठ्या होत्या. पहाटे उठून भाकऱ्या बांधणारी आणि मग मोर्च्यात पुढं चालणारी बाई तिच्यात कुठंच नव्हती. ती कविता माझीच होती.