सैरंध्रीचे वन आणि कवींची साक्ष

केरळातील ‘सायलेंट व्हॅली’ हे नाव मराठी घरात वर्तमानपत्रापुरतेच ऐकलेले असते. पण त्या खोऱ्याच्या ज्या टोकाशी धरण बांधायचे घाटत होते, त्या जागेचे नाव आहे सैरंध्री आणि तेथून वाहणाऱ्या नदीचे नाव आहे कुंती. पांडव वनवासात इकडे येऊन राहिले होते, असे तेथील लोक सांगतात. आता सैरंध्री हे द्रौपदीचे नाव विराटाच्या राजवाड्यातले. ती अरण्यात कशी आली, असे एखादा चिकित्सक विचारील. विचारू द्यावे. आपल्याकडे तरी प्रत्येक डोंगरातल्या लेण्यात पांडव एका रात्रीसाठी राहून गेलेलेच आहेत. इंग्रजी नावाचीही अशीच गंमत आहे. रानात रातकिड्यांची किरकिर ऐकू येत नाही म्हणून हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. सैरंध्रीचाच साहेबी अपभ्रंश झाला, असे दुसरे म्हणतात. आणि तेथील सिंहपुच्छ वानराच्या ‘सिलेनस’ या शास्त्रीय नावाकडे तिसरे बोट दाखवतात.

मला येथे बोलायचे आहे ते या वनाविषयी लिहिल्या गेलेल्या साहित्याविषयी, आणि त्या निमित्ताने थोडे आपल्याविषयी. कारण साहित्याने एखादे अरण्य वाचवले, असे आपल्या देशात ज्याच्याबद्दल निदान विचारता तरी येते, असे हे उदाहरण आहे.

हकीकत थोडक्यात अशी. निलगिरीच्या नैर्ऋत्य अंगाला, पालघाट जिल्ह्यात, हे सदाहरित वर्षावन आहे. १९१४ साली ते राखीव झाले. १९२८ मध्येच सैरंध्रीची जागा विजेसाठी हेरली गेली होती. पुढे सुमारे एकशेतीस मीटर उंचीच्या धरणाची योजना झाली आणि १९७३ मध्ये नियोजन मंडळाने तिला मान्यता दिली. तिच्यामुळे ८३० हेक्टर वन पाण्याखाली जाणार होते. १९७६ मध्ये नेमलेल्या एका अभ्यासगटाने योजना सोडून द्यावी असे सुचवले. परंतु सोडायची नसल्यास अमुक अमुक काळजी घ्यावी, अशी सतरा कलमेही जोडली. सरकारने अर्थातच सतरा कलमे उचलली आणि सल्ला ठेवून दिला. (सरकारला पळवाट दाखवू नये, हा धडा त्या अहवालाइतका कोणीच दिलेला नाही.) मग सभा, कोर्टकचेऱ्या आणि समित्या झाल्या. अखेर १९८३ मध्ये योजना बारगळली, १९८४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९८५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

या सभांमधून मल्याळम कवी उभे राहिले. सुगतकुमारी या त्यांतल्या अग्रणी. त्यांची ‘मरत्तिनु स्तुति’, म्हणजे ‘वृक्षस्तुती’, ही कविता सभेच्या आरंभी प्रार्थनेसारखी म्हटली जाई. मला मल्याळम येत नाही. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली आहे, आणि लयीबद्दल मी काही बोलणे हा अगोचरपणा होईल. आशयाबद्दल मात्र बोलता येईल. विष पिणारा नीलकंठ आणि दूषित हवा शोषून घेणारे झाड, अशी सांगड तीत घातलेली आहे. ही उपमा घरातल्या आजीला पुराणातून कळते आणि शाळेत जाणाऱ्या नातवाला विज्ञानाच्या पुस्तकातून. सभेतल्या कवितेला याहून अधिक काय हवे?

तरीही कागदावर वाचताना ही कविता मला सरळ वाटली, जवळजवळ सपाट. तीत झाड आहे. हे झाड नाही. सैरंध्रीच्या रानात कुलेनिया नावाचा उंच वृक्ष आहे. त्याच्या फुलाफळांवर सिंहपुच्छ वानराची गुजराण चालते. काळाभोर देह, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा, असे हे जनावर जमिनीवर क्वचित उतरते. त्याचे सारे आयुष्य फांदीवरून फांदीवर जाते. म्हणून रानाच्या छताला मध्येच भगदाड पडले की त्याचा मुलूखच तुटतो. हा वानर पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाही, आणि उत्तरेकडे कर्नाटकातील शरावती-अघनाशिनीच्या रानांपर्यंत येऊन तो थांबतो. आपल्या सह्याद्रीत तो नाही. एवढे सगळे त्या वृक्षस्तुतीत कोठे सापडत नाही.

येथे मला आपल्याच भाषेतले एक पुस्तक आठवते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ १९८२ मध्ये निघाले आणि १९८३ मध्ये, म्हणजे केरळातील योजना बारगळली त्याच वर्षी, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तेही वानरांचेच पुस्तक. एका टोळीवरची सत्ता एका नराकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि त्यात पिलांचे काय होते, हे माडगूळकर सांगतात ते डोळ्याची पापणी न हलवता. कोठे उसासा नाही, उपदेश नाही. साहित्यकृती म्हणून मी ‘सत्तांतर’ला वृक्षस्तुतीच्या कितीतरी वर ठेवीन, आणि तसे म्हणताना मला मुळीच संकोच वाटत नाही. पण त्या पुस्तकाने एक एकर रान तरी राखले गेले काय? हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारणे गैर आहे, हे मला कळते. टीकाकाराने स्वतःला तो विचारायला हरकत नसावी.

स्तुती ही ऐकायची चीज आहे. आरती कोणी छंदशास्त्रासाठी म्हणत नाही. पोवाड्याची परीक्षा डफावर व्हायची. वृक्षस्तुतीची खरी आवृत्ती त्या सभागृहांत निघाली. आपल्यापाशीही झाडांना सोयरे मानणारा तुकोबांचा अभंग आहे, आणि काव्य म्हणून त्याची सर वृक्षस्तुतीला येणार नाही. पण आपण तो वनखात्याच्या फाटकावर पिवळ्या रंगात रंगवला आणि मोकळे झालो. लाकडाचा ट्रक त्याच फाटकातून जातो.

मग तिकडे काय वेगळे घडले? माझे उत्तर असे, की तिकडे कवितेच्या शेजारी हिशेबाची वही उघडी होती. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ पासूनची संस्था. ‘साहित्य परिषद’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अध्यक्षीय भाषण आणि चहा येतो; हे लोक मात्र शास्त्र मातृभाषेत सांगण्यासाठी जमलेले. १९७९ मध्ये त्यांनी या योजनेची तपासणी करणारी एक पुस्तिका काढली. लिहिणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ होता, अर्थतज्ज्ञ होता, अभियंता होता. झाड किती सुंदर, एवढ्यावर ते थांबले नाहीत. वीज किती मिळेल, कोणाला मिळेल, ती दुसऱ्या मार्गाने मिळेल काय, हे त्यांनी मांडले. सुगतकुमारींना आणि त्यांच्या सोबत्यांना ‘मरक्कवी’, म्हणजे झाडकवी, म्हणून हिणवले गेले. माणूस हवा की माकड, असेही विचारले गेले. त्या प्रश्नाला कविता एकटी उत्तर देऊ शकली नसती. आणि ती पुस्तिका एकटी असती, तर चारशे लोकांनी वाचून कपाटात ठेवली असती.

‘माणूस की माकड’ हा प्रश्न मात्र मला तितकासा हसण्यावारी नेता येत नाही. मलबार हा मागे राहिलेला भाग. तेथल्या माणसाने दिवा मागितला, तर तो अरण्याचा वैरी ठरत नाही. आपण हे विसरणे तर फारच वाईट, कारण १९६२ पासून आपल्या घरात कोयनेची वीज आहे आणि यंदाच्या दिवाळीतल्या आकाशकंदिलातही तिचा अंश असेल. कोयनेचे खोरे बुडाले तेव्हा असली सभा झाली नाही. त्याच शिवसागर जलाशयाभोवतीचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. म्हणजे पाणी आधी आले, रानाची आठवण मागून. धरणाखाली गेलेल्या माणसांची कैफियत विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने १९९१ मध्ये मांडली, आणि ती इतकी नेटाने मांडली की आजही वाचताना अंगावर येते. पण तीत रान हे माणसाच्या दुःखाची पार्श्वभूमी आहे. ‘सत्तांतर’मध्ये नेमके उलट, तेथे वानरच सारी जागा व्यापतात. माणूस आणि रान एकाच पानावर, दोघेही आपापल्या हक्काने उभे आहेत, असे पुस्तक मी मराठीत शोधतो आहे.

मल्याळम कवींनाही ते साधले आहे असे मला दिसत नाही. त्यांच्या वनकवितांचा ‘वनपर्वम्’ नावाचा संग्रह निघाला. नाव किती नेमके! पण त्यातल्या ज्या कविता भाषांतरातून माझ्यापर्यंत आल्या, त्यांत झाड आहे, नदी आहे, पापी मानवजात आहे; रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस नाही. सैरंध्रीच्या शेजारी अट्टप्पाडीच्या डोंगरात मुडुगर आणि इरुळर लोक राहतात. वनस्पती आणि प्राणी शोधायला आलेल्या शास्त्रज्ञांना वाटा त्यांनीच दाखवल्या. उद्यानाची राखणही आज बऱ्याच अंशी त्यांच्यातलेच रखवालदार करतात. ‘मानवजात’ या एका शब्दात धरणाचा ठेकेदार आणि हा रखवालदार एकत्र कोंबणे ही कवितेतली ढिलाई आहे, आणि ती मोठ्या कवींकडून झाली म्हणून लहान होत नाही.

मुडुगरांची बोली मल्याळमहून वेगळी आहे. कुलेनियाला ते काय म्हणतात, काळ्या वानराची कोणती गोष्ट मुलांना सांगतात, कुंतीला पूर आला की कोणाचे नाव घेतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकून कोणी नीट उतरवून घेतले आणि मराठीत आणले, तर तो मजकूर मी वृक्षस्तुतीच्या आधी वाचीन.