बातमी ऐकायची कधी?

पुण्याची नारायण पेठ ही छापील शब्दाची पेठ. १८८१ साली निघालेला 'केसरी' पुढे इथल्या गायकवाड वाड्यात स्थिरावला आणि वाड्यालाच लोक केसरीवाडा म्हणू लागले. दैनिक 'प्रभात'ही याच पेठेतलं. पत्रकारितेचे विद्यार्थी मोबाइल आणि कॉलर माइक घेऊन इथे 'ऑडिओ स्टोरी' करायला येतात, तेव्हा ही छापील परंपराच त्यांच्या मानगुटीवर बसलेली असते. अशा ध्वनिकथा ऐकताना एक गोष्ट सारखी खटकते. त्या कानासाठी घडवलेल्या नसतात, कागदावर लिहून मोठ्याने वाचलेल्या असतात.

साचा ठरलेला आहे. आधी बासरी, मग 'पुणे तिथे काय उणे', मग पेशवाईपासूनचा इतिहास, एक ज्येष्ठ नागरिक, एक अभ्यासक आणि शेवटी वारसा जपण्याचं आवाहन. इथल्या पत्र्या मारुतीच्या देवळावरच्या स्टोरीत घंटा वाजत नाही, 'घंटेचा मंगल नाद' हे शब्द तेवढे वाजतात. मुंजाबाच्या बोळात दुचाकीवाला वाट मागताना काय म्हणतो, ते कुणी टिपत नाही.

वास्तविक हे शिकायला पुणेकरांना लांब जायला नको. पुणे आकाशवाणी १९५३ पासूनची. १९५५ मध्ये 'गीतरामायण' इथूनच घरोघरी पोचलं. व्यंकटेश माडगूळकरांनी याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत उमेदीची वर्षं घालवली. निवेदन, संवाद, संगीत आणि प्रत्यक्ष जागेवरचे आवाज एकात एक विणून केलेलं रूपक हा आकाशवाणीचा हातखंडा प्रकार. वर्गात मात्र रेडिओच्या नावाखाली शुद्ध उच्चार आणि बातमीपत्राचं वाचन एवढंच उतरलं, विणकाम राहून गेलं.

कायद्यानेही या उणिवेत भर घातली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओची दारं उघडली. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून हवेत, असा नियम झाला. पण स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्या लावायच्या तर जशाच्या तशा. म्हणजे पुणे विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'सारख्या केंद्रावर पत्रकारितेचा विद्यार्थी सगळं करू शकतो, फक्त पत्रकारिता सोडून! मग आरोग्य, करिअर आणि सणवार यांवरच हात बसतो.

पॉडकास्टने ही अडचण दूर केली, कारण तिथे परवान्याची भानगड नाही. मराठी माणूस तासन् तास ऐकतो हे २०१७ मध्ये भारतात आलेल्या 'स्टोरीटेल'ने दाखवून दिलं. पण मराठी पॉडकास्ट म्हणजे बहुतेक वेळा गप्पा: दोन खुर्च्या, दोन माइक, दीड तास. बीबीसी मराठीसारखे काही जण बातमी उलगडून सांगतात, तीही बहुधा स्टुडिओत बसून. रस्त्यावर उतरून केलेली, कात्री लावलेली दहा मिनिटांची गोष्ट दुर्मीळच. गप्पांना माणूस लागतो, गोष्टीला पायपीट लागते.

ढोल-ताशाचंच घ्या. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की विद्यार्थ्यांच्या निम्म्या स्टोऱ्या तिथेच उगवतात. मोबाइलचा रेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. ढोलाची थाप पडली की तो सगळं दाबतो, थाप फुटते आणि बोलणारा बुडतो. हाती उरतो 'तरुणाईचा जल्लोष'. जाणता विद्यार्थी हाच ढोल तीन ठिकाणांहून टिपेल: पथकाच्या मधोमध, रस्त्याच्या पलीकडून आणि वरच्या मजल्यावर, बंद खिडकीआड आजारी आजी पडून आहेत त्या खोलीतून. तिसऱ्या ठिकाणी काचा थरथरतात, आजी टीव्हीचा आवाज वाढवतात आणि तरी 'पोरं हौसेने वाजवतात हो' म्हणतात. निवेदकाला मग ध्वनिप्रदूषणावर वाक्य लिहावं लागत नाही. ऐकणाराच वाद घालू लागतो.

वाड्यांच्या पुनर्विकासाची गोष्ट याहून अवघड. मालक, जुने भाडेकरू आणि बिल्डर यांच्यात वर्षानुवर्षं घोळ चालतो, आणि बोलणाऱ्याला शेजारी राहायचं असतं. छापील बातमीत नाव बदललं की भागतं. इथे आवाजच ओळखपत्र असतो. पहिल्या वाक्याला अख्खा वाडा म्हणेल, 'हे तर वरच्या मजल्यावरचे काका!' तेव्हा रेकॉर्डिंगआधी घेतलेला होकार पुरत नाही, कापलेली फीत ऐकवून पुन्हा विचारावं लागतं. अभ्यासक्रमात माइक कसा धरावा हे असतं, असं पुन्हा विचारणं क्वचितच असतं.

आणि शेवटी हे सगळं जातं कुठे? गुण मिळाले की पेनड्राइव्हमध्ये. याउलट हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'परी' हे ग्रामीण भारताचं संग्रहालय त्या ओव्या लोकांसमोर आणत आहे, गाणारीचं नाव आणि गाव यांसह. आवाज नीट नोंदवून ठेवला तर त्याचं मोल वाढत जातं, याचा याहून मोठा दाखला नको. पेठेत मात्र दर वर्षी नवी तुकडी त्याच काकांना तेच प्रश्न विचारते, कारण आधीच्या तुकडीने काय विचारलं होतं ते कुणालाच सापडत नाही.

विद्यार्थ्यांकडे यंत्रं आहेत, आवाजही चांगले आहेत. कमी पडतो तो एका जागी टिकून राहण्याचा धीर. पत्रकारिता विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला एक गल्ली वर्षभरासाठी द्यावी. केलेली स्टोरी प्राध्यापकांच्या आधी त्याच गल्लीतल्या लोकांना पारावर बसवून ऐकवावी आणि त्यांचे आक्षेपही रेकॉर्ड करावेत. नारायण पेठेत चुका काढायला माणसं कमी पडणार नाहीत, आणि ती फुकटात काढतील.